अर्धा स्वर

नेरुळ, सेक्टर सोळा. तळघराची दुसरी पातळी.
बी-चाळीस आणि बी-त्रेचाळीस या खांबांमधली जागा
कुणाच्याच नावावर नाही,
म्हणून मंगळवारी रात्री साडेनवाला ती आमची.

तीन वर्षांपूर्वी मी स्कूटर घ्यायला उतरलो होतो.
अंगाला मिरचीचा वास,
मसाला मार्केटच्या वजनकाट्यावरून दिवसभराचा.
पाहिलं तर चार माणसं, हातात झेरॉक्स.
पेटी नाही, तबला नाही, टाळसुद्धा नाही,
आणि तरी सिमेंट गुणगुणत होतं.
एकाने सोडलेली ओळ दुसरा मागून उचलायचा,
तिसरी ती हातात घेईतो पहिला पुढे निघून गेलेला;
जशी ओली चादर चौघांनी टोकं धरून झटकावी
आणि कुणाच्याच हातून सुटू नये.

मला खोकला आला. गाणं थांबलं.
"खालचा आवाज नाही आमच्यात," सांतान म्हणाला,
"तुमचा खोकला खर्जात आहे."
असा मी आलो. खोकल्याच्या शिफारशीवर.

लॅटिन मी देवनागरीत उतरवून घेतलं
वजनपावत्यांच्या कोऱ्या बाजूवर.
इडलिन अर्थ सांगायची, मी विसरायचो.
एकच शब्द राहिला: पाचेम.
शांती, ती म्हणाली.
मला मात्र त्यात पाचच ऐकू यायचे,
आणि आम्ही पाचच होतो.

घरी सराव करायला लागलो की बायको विचारायची,
दुखतंय का कुठे?
खरंय. माझी ओळ एकटी ऐकली तर तिला तोंडवळाच नाही.
एक लांब स्वर. मग अकरा मात्रा गप्प.
मग पुन्हा तोच स्वर.
चारशे वर्षांपूर्वी, कुठल्या तरी थंड देशात
कुणीतरी माझं गप्प बसणंही लिहून ठेवलं,
मोजून.

सूर आम्ही एक्झॉस्टच्या पंख्याचा घ्यायचो.
जाळीमागचा जुना पंखा, त्याचा घुमार कधी हलला नाही.
आम्ही हलायचो.
बिनवाद्याचं गाणं उतरत जातं, केसाकेसाने,
आणि सगळे मिळून उतरले
की कुणालाच कळत नाही.
सांतानला कळायचं.
तो तर्जनी जराशी वर करायचा,
जशी कपाळावरची माशी हाकलावी.
आम्ही जिना चढल्यासारखे वर यायचो.

ऑगस्टात सांतान गेला. वाशीच्या इस्पितळात, मंगळवारीच.
चर्चमध्ये कीबोर्ड होता, मराठी गाणी झाली,
चांगली झाली.
आम्हाला कुणी विचारलं नाही.
आम्हीही कुणाला सांगितलं नाही
की तळघरात आम्ही काय करतो.

पुढच्या आठवड्यात चौघं उतरलो.
त्याची ओळ वाटून घेऊ, रेमेदियस म्हणाला.
कुणीच घेतली नाही.
तिला भोक तसंच ठेवून गायलो.
तो जिथे यायचा तिथे मी त्याच्याही मात्रा मोजल्या,
माझ्या अकरांवर आणखी सहा.

शेवटच्या पानाआधी वीज गेली.
पंखा गरगरत, मग कण्हत थांबला.
कागद दिसेना, माणसं दिसेनात.
थांबलो मात्र नाही.
मोबाइलचा उजेडही कुणी काढला नाही.
पास्कोलचा श्वास माझ्या डाव्या कानाशी,
इडलिनचा आवाज कुठून तरी छताजवळून,
आणि मधे एक जागा, जिच्याकडे तोंड करून
सगळे गात असावेत असं मला वाटलं.
अंधारात खात्री कशाची देणार?

जनरेटर लागला. पंखा सुरू झाला
आणि तो बेसूर वाटला. चढलेला. अर्धा स्वर.

रेमेदियसने बोट उचललं,
पाहिलं त्याच्याकडे, आणि खिशात घातलं.
"पंखाच चुकला," पास्कोल म्हणाला,
आणि इडलिन किती तरी दिवसांनी हसली.

माझ्या काट्यावर असं झालं असतं,
सगळी पोती एकाच मापाने हलकी,
तर मालकाने मला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं असतं.

पुढच्या मंगळवारी सूर पंख्याचाच घ्यायचा ठरलं.
त्या रात्री मात्र वर चढलो नाही.
जिथे होतो तिथूनच
शेवटचं पान म्हटलं.